फारकतीच्या बैठकीतला सात-बारा

नवरा वारला तर बायकोला त्याच्या जमिनीत वाटा मिळतो. त्याच नवऱ्याशी कायदेशीर फारकत झाली तर त्या जमिनीतला एक गुंठाही तिच्याकडे येत नाही. हिंदू कायद्यातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की बारामती-इंदापूर पट्ट्यात घटस्फोटाच्या मध्यस्थीला बसलेली माणसे एकाच आकड्याभोवती का घुटमळत राहतात हे उमगते. संसारात उभे राहिलेले घर, विहीर, ठिबक, गोठा, कारखान्याचा शेअर हे सगळे त्या बैठकीत एका एकरकमी पोटगीत बसवायचे असते. ती रक्कम कशी काढायची, याचे ठाम माप कायद्याने दिलेले नाही.

जळोचीसारख्या गावात हा प्रश्न अधिक धारदार होतो, कारण इथल्या जमिनीचे मोल लोकांचे संसार चालू असतानाच बदलले. बारामतीला लागून असलेले हे शेतीचे गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. औद्योगिक वसाहत जवळ आली, बाजार समितीचा उपबाजार आला, रस्त्याकडेच्या वावरांचे प्लॉट पडले. एकरावर बोलले जाणारे भाव गुंठ्यावर बोलले जाऊ लागले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे नांदायला आलेल्या मुलीने शेतात खुरपले, पहाटे धारा काढल्या, सासूसासऱ्यांची दुखणी काढली. त्याच वर्षांत जमिनीची जी किंमत वाढली ती मात्र कागदावर ज्याचे नाव त्याची. ही वाढ नक्की कोणाची, हा प्रश्न मध्यस्थीच्या खोलीत उघडपणे क्वचितच विचारला जातो, पण रकमेच्या प्रत्येक घासाघिशीमागे तोच असतो.

आधी कायद्याची मांडणी पाहू. गोवा सोडला तर भारतात हिंदू पतीपत्नींची लग्नानंतरची मालमत्ता एकत्र धरून घटस्फोटाच्या वेळी तिची विभागणी करा, असे सांगणारा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची खावटी मिळते आणि कलम २५ खाली कायमची पोटगी, एकरकमी किंवा दरमहा. कलम २७ मालमत्तेविषयी बोलते, पण फक्त लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दिल्या गेलेल्या आणि दोघांच्या सामाईक असू शकणाऱ्या वस्तूंविषयी. लग्नात मिळालेला कपाट-पलंग त्यात येईल. लग्नानंतर दहा वर्षांनी नवऱ्याच्या नावावर घेतलेला प्लॉट येणार नाही. स्त्रीधनाची गोष्ट वेगळी. ते पूर्णपणे तिचेच असते, आणि सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने २००५मध्ये आणखी एक हक्क दिला: ज्या घरात नांदत होती तिथे राहण्याचा. ते घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी हा हक्क मागता येतो, असा निर्णय ऑक्टोबर २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात झाला आणि आधीचा संकुचित अर्थ मागे पडला. पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

आता विधवेची बाजू. यासाठी दूर जायला नको. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला एक खटला आजही देशभर वाचला जातो. खंडाप्पा मगदूम १९६०मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी घरे, जमीन आणि दुकाने यांत आपला वाटा मागितला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला तो असा: खंडाप्पांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असते तर बाप, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाले असते. आईला वाटा का, तर आपल्याकडच्या मिताक्षरेच्या मुंबई शाखेत बाप आणि मुले वाटप करतात तेव्हा आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. मग खंडाप्पांच्या चतुर्थांशाचे सहा वारसांत सहा भाग. म्हणजे हिराबाईंना एक चतुर्थांश अधिक एक चोविसांश, एकूण सात चोविसांश. एवढ्या बारकाईने जो कायदा विधवेचा हिस्सा मोजतो, तो फारकत घेतलेल्या बाईपुढे एकही अपूर्णांक ठेवत नाही. शिवाय मुंबई शाखेतला हा आईचा हिस्साही ती स्वतः मागू शकत नाही; बाप आणि मुले वाटप करतील तेव्हाच तो जागा होतो.

याचा परिणाम वाटाघाटीवर कसा होतो? अमेरिकेतले कायद्याचे दोन अभ्यासक, रॉबर्ट म्नूकिन आणि लुईस कॉर्नहाउजर, यांनी १९७९मध्ये घटस्फोटाच्याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की न्यायालयाबाहेर तडजोड करणारे जोडपेसुद्धा मनात न्यायालयाचाच अंदाज धरून बोलत असते. समेट मोडला तर आपल्याला किमान काय मिळेल, यावरून प्रत्येकाची ताकद ठरते. हे बारामतीला लावून पाहा. समेट मोडला तर नवऱ्याची जमीन नवऱ्याकडेच राहणार हे दोघांच्या वकिलांना ठाऊक असते. बायकोच्या बाजूला उरतात चार गोष्टी: महिन्याची खावटी, राहण्याचा हक्क, दाखल असलेले फौजदारी गुन्हे आणि तिची संमती. परस्पर संमतीच्या घटस्फोटाला कलम १३-ब खाली दोघांची सही लागते, आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे १९९१च्या सुरेष्टा देवी निकालापासून स्पष्ट आहे. वाट्याचा हक्क नसल्यामुळे बाईला वाटा मागता येत नाही. ती संमतीची किंमत मागते. समोरचा पक्ष याला अडवणूक म्हणतो. गावात तर बोललेच जाते की पैशासाठी केस केली. पण ज्या व्यवस्थेत सरळ मागण्यासारखे काही ठेवलेलेच नाही, तिथे आडमार्गाने मागितले जाणार. विवाहसंबंधातल्या छळाचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही, तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणून त्या कागदावरही रकमेचा एक हप्ता अडकवला जातो. जे प्रश्न मुळात मिळकतीचे, ते अशा रीतीने पोलीस ठाण्याच्या भाषेत बोलले जातात. यात खरोखर छळ झालेल्या बाईचे सर्वाधिक नुकसान होते, कारण तिची तक्रारही सौद्याचा भाग समजली जाते.

मध्यस्थाचे काम इथे सुरू होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ सुधारित रूपात २००२पासून लागू झाले. २०१३मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद शक्य तितक्या लवकर मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला, आणि २०२३मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संसदेने केला. न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणात प्रशिक्षित मध्यस्थ दोघांना आधी एकत्र बसवतो, मग वेगवेगळे ऐकतो. तिथे बोललेले गुप्त राहते. जमले तर अटी लिहून पुरसीस न्यायालयात जाते. गावच्या जुन्या बैठकीत पाहुणेमंडळी दोन्ही घरांची अब्रू सांभाळत निर्णय लादत. मध्यस्थीची ही पद्धत तिच्याहून निश्चितच चांगली आहे, कारण इथे बाईला एकटीने बोलायची जागा मिळते. पण मध्यस्थ न्याय देत नाही, तो दोघांना जुळवतो. कायद्याने ज्याच्या हाती कमी दिले, त्याचे कमीच जुळते.

कमी पडणारी पहिली गोष्ट म्हणजे माहिती. औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेल्या नवऱ्याची पगाराची पावती असते. २०१७मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हातात येणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा पत्नीला देणे योग्य ठरेल असे म्हटले होते, आणि तेव्हापासून नोकरदारांच्या बैठकीत बोलणे निदान तिथून सुरू होते. शेतकऱ्याचे तसे नाही. उसाची नोंद कारखान्यात वडिलांच्या नावावर, बिल वडिलांच्या खात्यात. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी डेअरीतून येतो, तो आईच्या नावावर. इंदापूरकडे डाळिंब-द्राक्षाचा पैसा व्यापाऱ्याकडून रोख. सोसायटीचे कर्ज मात्र मुलाच्या नावावर, त्याचा बोजा सात-बारावर चढलेला. अशा घरातला नवरा मध्यस्थापुढे म्हणतो की माझ्या नावावर काहीच नाही, आणि कागदावर ते खरेही असते. ज्या गाईंच्या दुधाचा तो पगार, त्यांच्या धारा कोण काढत होते हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.

यावर उपाय आहे आणि तो वापरला जात नाही, ही आमची तक्रार आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खावटीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश दिला. त्या निकालाला शेतकरी पक्षकारांसाठी वेगळा नमुना जोडलेला आहे. त्यात एकूण जमीन किंवा तिच्यातला हिस्सा, मालकी दाखवणाऱ्या नोंदी, जमीन ओलिताची की कोरडवाहू, वर्षातली पिके, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, गाई-म्हशी-शेळ्या-कोंबड्या किती आणि त्यांचे उत्पन्न किती, जमिनीवरचे कर्ज, हे सगळे विचारले आहे. हा नमुना जणू नीरा डाव्या कालव्याच्या काठावर बसून लिहिलेला वाटावा इतका इथल्या घरांना लागू पडतो. तरीही अनेकदा नोकरदारांचाच नमुना भरला जातो, आणि शेतीच्या रकान्यात 'जिरायत, उत्पन्न नाममात्र' एवढे लिहून मोकळे होतात. मध्यस्थाने पहिल्याच तारखेला शेतकऱ्याचा नमुना, सात-बारा, आठ-अ, कारखान्याची तीन वर्षांची ऊसबिले आणि डेअरीचा हिशेब पुढे ठेवायला सांगितला, तर रकमेवरची निम्मी घासाघीस तिथेच थांबेल असे आमचे मत आहे.

सात-बाराही नुसता वरवर पाहून भागत नाही. नाव कसे लागले ते फेरफारात असते, आणि वाटाघाटीचा खरा गाभा तिथे आहे. लोक सरसकट वडिलोपार्जित म्हणतात. कायदा तसे मानत नाही. १९५६नंतर बापाच्या मृत्यूने वारसाहक्काने मुलाकडे आलेली मिळकत ही त्या मुलाची स्वतंत्र मिळकत ठरते, हा १९८६च्या चंदर सेन निकालाचा अर्थ. उलट आजोबा-पणजोबांपासून एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेल्या आणि वाटपाने हाती आलेल्या जमिनीत मुलांना जन्मतःच हक्क असतो. खरेदीची जमीन असेल तर पैसा कुठून आला हे पाहावे लागते. एकाच गटात तिन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात. तलाठ्याकडून जुन्या फेरफारांच्या नकला काढायला थोडे दिवस जातात. ते दिवस न दिल्यामुळे नंतर बरीच वर्षे जातात.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. पाच एकर एकत्र कुटुंबाची बागायत. आजोबा-आजी हयात, दोन मुलगे, एक मुलगी. वाटप झाले तर आजोबा, आजी आणि तीन मुले मिळून पाच समान हिस्से, प्रत्येकी एक एकर. त्यातल्या एका मुलाला बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. त्याच्या एका एकराचे त्याच्या घरात वाटप झाले तर बाप, आई आणि दोन मुले मिळून चार हिस्से, प्रत्येकी दहा गुंठे. हे वाटप संसार टिकून असताना झाले तर बायकोला दहा गुंठे. फारकतीनंतर झाले तर तिला काही नाही, पण दोन्ही मुलांचा वाटा कायम. आणि दहा गुंठे हेच २०२३मध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी ठरवलेले तुकडेबंदीचे किमान क्षेत्र आहे. जिरायतीला वीस गुंठे. म्हणजे माणसे थोडी वाढली की हिस्सा कागदावर राहतो आणि जमिनीवर वेगळा करता येत नाही. अशा वेळी जमिनीऐवजी रोख रक्कम हाच व्यवहार्य मार्ग असतो, हेही मान्य केले पाहिजे. शेतीचे तुकडे पाडून सगळ्यांनाच दरिद्री करणे हा न्याय नव्हे. मात्र रोख ठरवताना दहा गुंठ्यांचा आजचा भाव समोर असणे आणि नसणे यात फार मोठा फरक आहे.

या हिशेबातून मुलांचा मुद्दा आपोआप वर येतो. तडजोडीच्या कागदावर एक वाक्य हमखास आढळते: आईने स्वतःच्या आणि अज्ञान मुलांच्या वतीने वडिलांच्या सर्व मिळकतीवरील हक्क सोडले. रक्कम थोडी वाढवून हे वाक्य विकत घेतले जाते. पण मुलाचा जन्मसिद्ध हक्क आईच्या मालकीचा नाही, तो सोडून द्यायचा अधिकार तिला कुठून येणार? दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२, नियम ७ सांगतो की अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची स्पष्ट परवानगी हवी, आणि ती तडजोड त्या मुलाच्या हिताची असल्याचे न्यायालयाला पटले पाहिजे. परवानगीवाचून केलेली तडजोड मूल सज्ञान झाल्यावर नाकारू शकते. नवऱ्याच्या घरच्यांनीही हे समजून घ्यावे: ज्या वाक्यासाठी ते पैसे मोजतात, ते त्यांना पुढे उपयोगी पडेलच असे नाही. मुलगी असेल तरी हिशेब बदलत नाही. मुलीला जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र मिळकतीची हिस्सेदार, करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, केंद्राच्या ११ वर्षे आधी केली. त्यावेळी मुख्यमंत्री होते बारामतीचे शरद पवार, आणि त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरणही आले. केंद्राचा कायदा २००५मध्ये झाला, आणि बाप केव्हा वारला यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही, हे विनीता शर्मा निकालाने ऑगस्ट २०२०मध्ये पक्के केले.

हाच कायदा घटस्फोट मागणाऱ्या बाईच्या माहेरीही लागू आहे, आणि त्याने बैठकीत एक नाजूक गुंता होतो. तिच्या शेजारी खुर्चीवर तिचा भाऊ बसलेला असतो. तो तिच्यासाठी तारखांना येतो, वकिलाची फी भरतो, भांडतो. त्याचे प्रेम खोटे नसते. पण ती कायमची माहेरी राहिली तर तिच्या हिश्श्याचा विषय निघणार, हे त्यालाही ठाऊक असते. समोरून नवऱ्याचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो: हिला माहेरी वाटा आहे की! मग भावाला रक्कम लवकर आणि एकदम हवी असते, दरमहाची खावटी नको असते. बाईच्या दृष्टीने काही वेळा उलटच सोयीचे असते. मध्यस्थाने तिला भावावाचून, आईवडिलांवाचून, काही वेळ एकटीला ऐकलेच पाहिजे. ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जाईल, एवढी अट तरी कागदावर असावी. वकिलासाठी तिला भावावर अवलंबून राहण्याचीही गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो.

एखादे वेळी नवरा समजूतदार असतो. तो म्हणतो, रोख नाही, पण राहायला घर किंवा थोडी जमीन तिच्या नावावर करतो. इथेही कायदा आडवा येतो, आणि क्रम चुकला तर चांगली तडजोड फसते. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा बाकीच्यांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही. म्हणजे आधी वाटप, त्यासाठी वडील-भावांच्या सह्या. ते दाव्यात पक्षकार नसतात, पण त्यांना मध्यस्थीला बोलावून तडजोडीवर त्यांचीही सही घेतल्याशिवाय हा मार्ग पुढे जात नाही. दुसरे, महाराष्ट्रात पत्नीला राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. हुकूमनामा झाल्यावर ती पत्नी राहत नाही, आणि ही सवलतही जाते. त्यामुळे नोंदणी हुकूमनाम्याआधी व्हायला हवी. नवऱ्याला मात्र भीती असते की जमीन घेऊन ती संमती मागे घेईल. बायकोला भीती, की घटस्फोट मिळाल्यावर तो दुय्यम निबंधकाकडे फिरकणारच नाही. पहिला अर्ज आणि अंतिम सही यांत सहा महिन्यांचे अंतर असते, ते २०१७च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी बक्षीसपत्राची नोंदणी आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात जबाब, असा क्रम लावला तर दोघांचीही भीती बरीच कमी होते. दरमहाची खावटी ठरली असेल तर कलम २५ खाली तिचा भार नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो. तो सात-बाराच्या इतर हक्कात नोंदवला, तर जमीन घेणाऱ्यालाही तो दिसतो.

याच्या उलटही घडते. नोटीस आली की नवरा घाईने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देतो आणि मध्यस्थापुढे रिकामा सात-बारा ठेवतो. मिळकत हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ अशा वेळी आठवावे. ज्याला त्या मिळकतीच्या उत्पन्नातून पोषणाचा हक्क आहे, त्याचा हक्क फुकट मिळकत घेणाऱ्याविरुद्ध किंवा हक्काची माहिती असताना घेणाऱ्याविरुद्धही चालतो. हक्कसोड झाला म्हणजे सगळे संपले, असे बाईने मानू नये आणि मध्यस्थानेही मानू नये.

दुसरीकडे काय केले गेले ते पाहिले तर आपल्याकडची रिकामी जागा स्पष्ट दिसते. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदाच बदलतो. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या १८६७च्या नागरी संहितेपासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते, आणि स्थावर विकायला दोघांची सही लागते. ही व्यवस्था निर्दोष नाही. मिळकतीबरोबर कर्जेही सामाईक होतात, आणि व्यवहार प्रत्यक्षात पुरुषाच्याच हाती राहिल्याची टीका तिथल्या स्त्रियांनी केली आहे. पण तिथली वाटाघाट निम्म्यापासून सुरू होते, आपल्याकडची शून्यापासून.

शेतीवाल्यांना जवळचे वाटेल असे उदाहरण इंग्लंडमधले आहे. व्हाइट दांपत्य तिथल्या सॉमरसेटचे. दोघेही शेतकरी घरांतली, ३० वर्षांहून जास्त काळ मिळून दुधाचा धंदा केलेली. मिळकत साधारण ४६ लाख पौंडांची. खालच्या न्यायालयाने बाईच्या रास्त गरजा मोजून तिला दहा लाखांच्या आत रक्कम दिली. शेत मोडू नये हा विचार होताच. अपिलात ती सुमारे १५ लाख झाली, आणि ऑक्टोबर २०००मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने ती कायम ठेवली. त्यांनी सांगितले की कमावणारा आणि घर सांभाळणारा यांत भेद करू नका, आणि केलेली विभागणी समानतेच्या मापाशी ताडून पाहा. बाईला निम्मे मिळाले नाही, कारण नवऱ्याच्या वडिलांचेही भांडवल त्यात होते. आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात हाच पेच आहे: सासऱ्यांची जमीन, सुनेचे श्रम. त्या न्यायाधीशांनी दोन्ही मोजले.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि शेतकऱ्यांनी स्वेच्छेने बायकोच्या नावे जमीन केली. सरकारनेही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या अर्जावरून सात-बारावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. हे सगळे नवऱ्याच्या इच्छेवर होते. नात्यात तेढ आल्यावर कोण अर्ज करणार? केंद्रात विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१०मध्ये आले. संसार पूर्ण मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट देताना पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून भरपाई देण्याची तरतूद त्यात घालण्यात आली. ऑगस्ट २०१३मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले, आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित होताच ते संपले. ऑगस्ट २०१८मध्ये विधी आयोगाने पुन्हा सुचवले की लग्नानंतर मिळवलेली मिळकत दोघांची मिळून धरावी. सरसकट निम्मे-निम्मे न करता न्यायालयाने परिस्थिती पाहून वाटावी. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये एका प्रकरणात गृहिणीच्या श्रमांमुळे नवऱ्याच्या नावावरच्या मिळकतीत तिला निम्मा हिस्सा दिला. तो एका न्यायालयाचा निकाल आहे, कायदा नव्हे.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. विवाह, घटस्फोट आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य दुरुस्ती करू शकते, आणि १९९४ची दुरुस्ती तशीच झाली. आता हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ला राज्य दुरुस्तीची जोड हवी. लग्नानंतर खरेदी झालेली शेती, प्लॉट, घर, जनावरे आणि ठेवी ही कोणाच्याही नावावर असली तरी दोघांची धरावी. वडिलोपार्जित जमीन त्यातून वगळावी, म्हणजे सासरे, दीर आणि नणंदा यांच्या हिश्श्यांना धक्का लागणार नाही. पण लग्नाच्या काळात त्या जमिनीवर झालेली विहीर, पाइपलाइन, शेड, फळबाग आणि बिगरशेती यांनी वाढलेली किंमत रोख रकमेसाठी हिशेबात घ्यावी. नोटीस निघाल्यानंतर केलेले हक्कसोड आणि बक्षीसपत्र या हिशेबापुरते नसल्यासारखे मानावे. आणि मध्यस्थीकडे प्रकरण पाठवण्याआधी शेतकऱ्याच्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र पूर्ण भरून दाखल झालेच पाहिजे, असा नियम उच्च न्यायालयाने परिपत्रकाने उद्याही करावा. त्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही गरज नाही.